वाचक विचारतात: फाईलवर लिहिलेली नोंद पेनड्राइव्हवर जाताना कुठे गळते?

गेल्या अंकात लिनक्सवर फाईली शोधायच्या पद्धती दिल्या होत्या, त्यात जाता जाता एक ओळ होती की फाईलला टॅग आणि कॉमेंटपण लावता येते. त्या एका ओळीवर सांगली-सातारा भागातून इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. दोन कमांड सारख्या येतील म्हणून त्यांचं स्पेलिंग एकदाच सांगतो: गेटफॅटर म्हणजे जी-ई-टी-एफ-ए-टी-टी-आर आणि सेटफॅटर म्हणजे एस-ई-टी-एफ-ए-टी-टी-आर. उबुंटू किंवा डेबियनवर सापडल्या नाहीत तर 'अ‍ॅटर' नावाचं पॅकेज टाकून घ्या, स्पेलिंग ए-टी-टी-आर.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): सर, २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा जुने अल्बम भिजले, त्यातले जे वाचले ते फोटो मी स्कॅन करून ठेवलेत. कुबुंटूवर डॉल्फिन ह्या फाईल मॅनेजरमध्ये प्रत्येक फोटोला बाजूच्या पट्टीत कॉमेंट लिहिली, फोटोत कोण कोण आहे, कुणाच्या लग्नातला, कुठल्या साली. आई शेजारी बसून सांगायची आणि मी टाईप करायचो. दिवाळीत सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करून पुण्याच्या बहिणीला दिलं तर तिच्याकडे एकपण कॉमेंट दिसत नाही. नावं गेली का सर? आईला आता परत सगळं आठवणार नाही.

उत्तर: तुम्ही कॉपी केलंय, कट करून पेस्ट नाही, त्यामुळे नावं तुमच्या लॅपटॉपवर असणार, आधी एवढं आईंना सांगून टाका. आणि आता एक करा, मूळ फोल्डरला अजिबात हात लावू नका, त्यातलं काही हलवू नका, पेनड्राइव्हवरचे फोटो परत त्याच फोल्डरमध्ये टाकून 'रिप्लेस' तर मुळीच करू नका.

झालंय काय ते बघा. डॉल्फिनमधली कॉमेंट फोटोच्या आत जात नाही. ती कॉमेंट फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायची व्यवस्था, त्या फाईलच्या आयनोडला, म्हणजे फाईलची मालकी, परवानग्या, तारखा जिथे असतात त्या नोंदीला जोडून वेगळी ठेवते, पाकिटावर बाहेरून चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी. ह्यालाच एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. एक नाव आणि त्याची एक किंमत अशी जोडी असते, कॉमेंटचं नाव यूजर.एक्सडीजी.कॉमेंट, टॅगचं यूजर.एक्सडीजी.टॅग्ज, आणि तुम्ही स्टार दिले असतील तर ते यूजर.बालू.रेटिंग मध्ये. तुमच्या लॅपटॉपची डिस्क बहुतेक एक्सट४ फाईल सिस्टिमची असणार, ती हे सगळं सांभाळते. पेनड्राइव्ह मात्र दुकानातून येतात तेच फॅट३२ किंवा एक्सफॅट करून, आणि त्या दोन्हीत असलं काही ठेवायची जागाच नाही. फोटो गेला, चिठ्ठी इकडेच राहिली.

वाईट गोष्ट ही की कुणी सांगत नाही. कॉपी करायची कमांड आहे सीपी, तिला -ए दिलं की ती ही अ‍ॅट्रिब्यूट न्यायचा प्रयत्न करते पण जमलं नाही तर गप्प बसते, तसं तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. नुसतं सीपी दिलं तर प्रयत्नसुद्धा करत नाही. फाईल हलवायची कमांड एमव्ही तर सगळ्यात धोक्याची, कारण दुसऱ्या डिस्कवर एमव्ही म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ फाईल डिलीट, म्हणजे तुम्ही कट-पेस्ट केलं असतं तर ती नावं खरंच गेली असती.

आता खात्री करून घ्या. फोटोंच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि कुठल्याही एका फोटोवर गेटफॅटर -डी चालवा. यूजर.एक्सडीजी.कॉमेंट असं दिसेल, पण त्यापुढे मराठी दिसणार नाही, शून्य आणि एस अशी सुरुवात आणि पुढे न कळणारी इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ दिसेल. घाबरू नका. मजकूर इंग्रजीत नसला की गेटफॅटर तो बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून दाखवते, बाकी काही नाही. ओळखायची खूण सांगतो, शून्य-एस नंतर लगेच ४-के आणि पुढे एस किंवा डब्ल्यू आलं, आणि पहिली स्पेस येईपर्यंत दर चार अक्षरांनी तेच पुन्हा येत असलं तर आत देवनागरी आहे, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइटचं असतं आणि ३ बाइटची बेस६४ मध्ये बरोबर ४ अक्षरं होतात. प्रत्यक्ष मराठी वाचायचं तर गेटफॅटर --ओन्ली-व्हॅल्यूज -एन यूजर.एक्सडीजी.कॉमेंट आणि पुढे फाईलचं नाव द्या, आईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं समोर येईल.

ते दिसलं की दुसरं काही करायच्या आधी सगळ्या नोंदींची एक फाईल काढून ठेवा. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून गेटफॅटर -आर -डी आणि पुढे एक टिंब, हा आर मोठा, मग > चिन्ह देऊन नोंदी.टेक्स्ट असं काही नाव. ही साधी टेक्स्ट फाईल आहे, ती पेनड्राइव्हवर, मेलवर, कुठेही जाते. उद्या फोटोंवरची अ‍ॅट्रिब्यूट उडाली तरी फोटोंची नावं आणि फोल्डर तेच असले की सेटफॅटर --रिस्टोर=नोंदी.टेक्स्ट चालवून सगळं परत जागेवर बसतं. बहिणीकडे लिनक्स असेल तर फोटो आणि ही फाईल दोन्ही द्या, ती तिच्या डिस्कवर उतरवून घेईल आणि रिस्टोर करेल.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर घरच्या फोटोंसाठी अ‍ॅट्रिब्यूट ही कायमची जागा नव्हे. बहिणीकडे विंडोज असेल, भाच्याकडे फोन, तिथे ही चिठ्ठी कुणी वाचणार नाही. फोटोच्या फाईलमध्येच माहिती लिहायची सोय असते, एक्सएमपी म्हणतात त्याला, आणि डिजिकॅम किंवा एक्सिफटूल ही सॉफ्टवेअर वापरून ती भरता येते. छोटी स्क्रिप्ट करायची, प्रत्येक फाईलची कॉमेंट गेटफॅटरने वाचायची आणि एक्सिफटूलने त्याच फोटोच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहायची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारा कुणीही पोरगा एका बैठकीत लिहून देईल. आधी फोल्डरची एक कॉपी काढा आणि स्क्रिप्ट त्या कॉपीवर चालवा, फक्त ती कॉपी सीपी -ए ने त्याच डिस्कवर काढा म्हणजे कॉमेंटपण सोबत येतील. असं केलं की नावं फोटोच्या पोटात जातात आणि फोटो फिरेल तिकडे फिरतात. एकच पथ्य, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की ही आतली माहितीसुद्धा निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न (सातारा, शाहूपुरी): मी कासच्या फुलांचे फोटो काढतो. प्रत्येक फुलाची माहिती, कुठे सापडलं, आजूबाजूला काय होतं, असं सगळं मराठीत सेटफॅटरने फाईललाच लावतो. एका फुलाची माहिती जरा मोठी झाली तर म्हणतंय 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर निम्म्याच्या वर जागा रिकामी आहे राव, हे काय गौडबंगाल?

उत्तर: तुमची डिस्क भरलेली नाही, त्या एका फाईलची अ‍ॅट्रिब्यूटची जागा भरलीय, पण दोन्हीला एरर एकच आहे म्हणून माणूस डिस्क साफ करत बसतो. एक्सट४ वर एका फाईलची सगळी अ‍ॅट्रिब्यूट, नावं धरून, एका ब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कच्या जागेच्या एका तुकड्यात, बसायला लागतात, आणि ब्लॉक सहसा ४०९६ बाइटचा असतो. आयनोड २५६ बाइटचा असला तर त्यात शंभराच्या आत बाइट अजून मिळतात, छोट्या टॅगला ते पुरतात पण तुमच्या वर्णनाला नाहीत. त्यात मराठीला तिप्पट जागा. 'टोपली कारवी' एवढं लिहायला ३१ बाइट लागतात, काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. हिशोब केला तर १३०० च्या आसपास चिन्हं झाली की ब्लॉक संपला, म्हणजे मोठ्या अक्षरातलं पानभर मराठी झालं.

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, स्वतःची मर्यादा याच्यापेक्षा मोठी आहे, एका किंमतीला ६४ केबी आणि नावाला २५५ बाइट, आणि एक्सएफएस ह्या दुसऱ्या फाईल सिस्टिमवर ते ६४ केबी खरंच वापरता येतात. एक्सट४ मध्येपण ईए-आयनोड नावाचं फीचर चालू करून मोठ्या किंमती ठेवता येतात, कर्नल ४.१३ पासून. पण फुलांच्या माहितीसाठी फाईल सिस्टिम बदलायची काही गरज नाही हो. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फुलाचं नाव, तारीख, जागा एवढंच ठेवा आणि वर्णन त्याच नावाच्या टेक्स्ट फाईलमध्ये शेजारी ठेवा. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि टोपली कारवी काही दरवर्षी फुलत नाही, पुढच्या बहराला तुमची आजची टिपणं कुणीतरी शोधत येईल तेव्हा ती साध्या टेक्स्टमध्ये असली तर कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील.

प्रश्न (कराड): कॉलेजच्या लॅबमध्ये एक फाईल रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, होऊनसुद्धा डिलीट होत नाही. गेटफॅटर लावलं तर काहीच दाखवत नाही. कुठलं अ‍ॅट्रिब्यूट असेल?

उत्तर: हे वेगळं प्रकरण आहे, नाव सारखं वाटतं म्हणून गोंधळ होतो. एलएसअ‍ॅटर चालवून बघा, ओळीत आय हे अक्षर दिसेल. तो इम्युटेबल फ्लॅग आहे, म्हणजे फाईल बदलू किंवा काढू न देणारी खूण, कुणीतरी सीएचअ‍ॅटर +आय करून ठेवलाय. रूटने सीएचअ‍ॅटर -आय केलं की फाईल निघेल. पण काढायच्या आधी कुणी आणि कशासाठी लावला ते विचारा, लॅबमध्ये पोरांनी सेटिंग बिघडवू नये म्हणून मुद्दाम लावलेला असतो बऱ्याचदा.

प्रश्न (इस्लामपूर): आमच्या ऑफिसचा सर्व्हर बिघडला म्हणून टारच्या, म्हणजे सगळ्या फाईली एकात बांधणाऱ्या कमांडच्या, बॅकअपवरून सगळं नवीन मशीनवर उतरवलं. फाईली आहेत, परवानग्या आहेत, मालक बरोबर आहेत, तरी वेबसाइट 'परमिशन डिनाइड' देतेय. एक सर्व्हिस जी आधी रूट नसताना ८० नंबरच्या पोर्टवर चालायची तीपण बंद. दोन दिवस झाले डोकं फोडतोय, काय राहिलं?

उत्तर: राहिली ती अ‍ॅट्रिब्यूटच, फक्त यावेळी यूजरवाली नाहीत. लिनक्समध्ये ह्या नावांचे चार गट आहेत. यूजरने सुरू होणारी तुमची-आमची, फाईल लिहायची परवानगी असली की लावता येतात. सिस्टिमने सुरू होणाऱ्यांत एसीएल, म्हणजे कुणाला काय करता येईल त्याच्या जादा परवानग्यांच्या याद्या, असतात. सिक्युरिटीने सुरू होणाऱ्यांत एसईलिनक्सची, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाईलीला हात लावू शकतो ते ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेची लेबलं, आणि प्रोग्रॅमला दिलेल्या कॅपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकारांतला एखादा तुकडा. चौथा ट्रस्टेड, तो फक्त रूटसारखे अधिकार असलेल्यांना दिसतो. तुमच्या दोन्ही तक्रारी सिक्युरिटी गटातल्या आहेत, वेबसाइटच्या फाईलींवरचं एसईलिनक्स लेबल गेलंय आणि त्या सर्व्हिसच्या प्रोग्रॅमची कॅपॅबिलिटी गेलीय. गेटफॅटर -डी मध्ये हे दिसलं नसेल, कारण ती सहसा यूजर गटच दाखवते, सगळं बघायचं तर -एम आणि पुढे नुसता डॅश द्यायला लागतो.

फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएस -एल मध्येपण थोडा सुगावा लागतो, परवानग्यांच्या शेवटी टिंब असलं तर लेबल आहे, + असलं तर एसीएल आहे. यूजर गटाचं मात्र एलएस काहीच दाखवत नाही.

आता दुरुस्ती. वेबसाइटच्या फोल्डरवर रिस्टोरकॉन -आर चालवा, आर मोठा, ती एसईलिनक्सची नियमावली बघून लेबलं परत लावते, तुम्ही फोल्डर नेहमीच्या जागी ठेवलं असेल तर तेवढ्यानं भागेल. सर्व्हिसच्या प्रोग्रॅमला सेटकॅपने ती ८० सारख्या लहान नंबरच्या पोर्टची कॅपॅबिलिटी परत द्या आणि गेटकॅपने तपासा. एसईलिनक्स बंद करून मोकळं व्हायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो घेऊ नका, ऑफिसचा सर्व्हर आहे, लोकांची कागदपत्रं त्यावर आहेत.

आणि बॅकअपची कमांड आजच बदला. टार आपण होऊन अ‍ॅट्रिब्यूट घेत नाही, बनवताना --एक्सअ‍ॅटर्स द्यायला लागतं आणि सोडवतानाही द्यायला लागतं, शिवाय सोडवताना सिक्युरिटी गट हवा असेल तर --एक्सअ‍ॅटर्स-इन्क्लूड मध्ये अवतरणात फुली, म्हणजे स्टार, द्यायला लागतो, नाहीतर फक्त यूजर गट उतरतो. एसीएल आणि एसईलिनक्सचे ऑप्शन वेगळे आहेत तेही लावा. बॅकअपसाठी वापरतात त्या आरसिंक कमांडचं पण तसंच, -ए मध्ये सगळं येतं असं लोक धरून चालतात पण अ‍ॅट्रिब्यूटसाठी मोठा एक्स आणि एसीएलसाठी मोठा ए वेगळा द्यायचा असतो. आरसिंकची एक गोष्ट मला आवडते, मोठा एक्स दिला आणि पलीकडची डिस्क अ‍ॅट्रिब्यूट घेत नसली तर ती एरर देते, गप्प बसत नाही. नवीन कमांडने बॅकअप घेतला की एक फोल्डर दुसरीकडे उतरवून गेटफॅटर -एम डॅश -डी लावून बघा आणि मगच त्या बॅकअपवर विसंबा.

प्रश्न (मिरज): माझ्याकडे वडिलांनी टेप केलेल्या घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग डिजिटल करून ठेवलेली आहेत. फाईल काळाने आतून खराब होते असं वाचलं. प्रत्येक फाईलचा चेकसम तिलाच लावून ठेवला तर चालेल का, की तो लावल्यानेच फाईल बदलते?

उत्तर: चालेल म्हणजे काय, अ‍ॅट्रिब्यूटचा इतका योग्य उपयोग दुसरा नाही. चेकसम म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा आणि अ‍ॅट्रिब्यूट मजकुराच्या बाहेर असतं, त्यामुळे ते लावल्यावर चेकसम काढणाऱ्या शा२५६सम कमांडचं उत्तर तेच येतं. बदलाची तारीख, म्हणजे एमटाइम, तीही हलत नाही, फक्त आयनोड बदलल्याची तारीख, म्हणजे सीटाइम, बदलतो. सेटफॅटर -एन यूजर.शा२५६ -व्ही आणि पुढे तो आकडा, झालं. सोबत त्या वेळचा एमटाइमही दुसऱ्या नावाने ठेवा. मग वर्षातून एकदा पुन्हा काढून बघायचं: एमटाइम तोच आणि चेकसम वेगळा, तर फाईल आतून खराब झालीय, दुसऱ्या कॉपीवरून आणा. एमटाइमही बदललेला असला तर बहुतेक तुम्हीच काहीतरी एडिट केलंय.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बरेच एडिटर सेव्ह करताना नवीन फाईल लिहून जुनीच्या नावावर बसवतात, त्यात आयनोड नवीन येतो आणि अ‍ॅट्रिब्यूट उडून जातं, तेव्हा ऑडिओ साफ केला की चेकसम परत लावा. नाव बदललं किंवा त्याच डिस्कवर फोल्डर बदललं तर काही होत नाही. आणि मैफलींच्या फोल्डरमध्ये कुठे शॉर्टकट म्हणून सिमलिंक केल्या असतील तर त्या लिंकलाच यूजर गटातलं अ‍ॅट्रिब्यूट लावायला जाऊ नका, लिनक्स देत नाही, ते फक्त साध्या फाईली आणि फोल्डरांना आहे. आणि चेकसमची एक यादी टेक्स्टमध्ये दुसऱ्या डिस्कवर ठेवाच, कारण डिस्कच गेली तर तिच्यावरचं अ‍ॅट्रिब्यूटही तिच्याबरोबर जातं.

प्रश्न (वाई): डाउनलोड केलेल्या फाईलीवर ती कुठून आणली त्याची लिंक लिहिलेली असते असं भावाने सांगितलं. खरं का? मी ऑफिसच्या पासवर्डवाल्या लिंकवरून फाईली घेते.

उत्तर: खरं आहे ताई, आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. यूजर.एक्सडीजी.ओरिजिन.यूआरएल हे त्याचं नाव. टर्मिनलवरून डाउनलोड करायच्या दोन कमांड आहेत, कर्ल आणि डब्ल्यूगेट. कर्लला --एक्सअ‍ॅटर दिलं तरच ती लिहिते. डब्ल्यूगेट मात्र १.१९ आवृत्तीपासून न सांगता लिहायला लागली होती, आणि लिंकमध्ये यूजरनेम-पासवर्ड असला तर तोही तसाच जायचा, त्याच मशीनवर ती फाईल वाचू शकणारा कुणीही तो बघू शकायचा. ही चूक २०१८ मध्ये नोंदली गेली आणि १.२०.१ पासून ते आपोआप लिहिणं बंद केलं. तुमची मशीन जुनी असेल तर डाउनलोडच्या फोल्डरवर गेटफॅटर -आर -डी एकदा चालवा, इथेही आर मोठा. सापडलं तर सेटफॅटर -एक्स आणि ते नाव देऊन काढा, आणि मुख्य म्हणजे तो पासवर्ड बदला, कारण फाईल कुणी बघितली ते कळायला मार्ग नाही. रेफररसाठी, म्हणजे ज्या पानावरून त्या लिंकवर गेलात त्यासाठी, वेगळं नाव असतं तेही बघा.

प्रश्न (सांगली, फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान): गिऱ्हाईक मॅकवरून पेनड्राइव्ह भरून आणतं त्यात प्रत्येक डिझाइनच्या दोन दोन फाईली असतात, एक नीट आणि एक टिंब-अंडरस्कोरने सुरू होणारी, ती उघडतच नाही. व्हायरस आहे का?

उत्तर: व्हायरस नाही. वर विश्रामबागच्या वाचकांना झालं त्याचीच दुसरी बाजू आहे ही. मॅकसुद्धा फाईलला अ‍ॅट्रिब्यूट लावतो, टॅग, कुठून डाउनलोड केली ती लिंक, नेटवरून आलेल्या फाईलीवर क्वारंटाइनची खूण, असं बरंच. एक्सफॅट किंवा फॅट३२ वर ते ठेवायला जागा नाही म्हणून मॅक ते फेकून न देता शेजारी वेगळ्या फाईलीत ठेवतो, नावाच्या आधी '._' लावून. तुमच्या प्रिंटिंगला त्याचा काही उपयोग नाही, कॉपी करून घेतल्यावर तुमच्याकडच्या कॉपीतून त्या काढून टाका, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरच्या तशाच ठेवा म्हणजे मॅकवर परत लावल्यावर त्यांचे टॅग त्यांना मिळतील. गिऱ्हाइकालाच नको असतील तर त्यांनी मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन -एम आणि पुढे पेनड्राइव्हचा पाथ दिला की त्या जातात, ही कमांड लिहिताना डॉट आणि क्लीनच्या मध्ये अंडरस्कोर येतो.